कौसाचं मीठ

आमच्या घरात माणसांचं मीठ डब्यात असे आणि मेंढरांचं खडेमीठ चुलीमागच्या गाडग्यात. माणसं आणि मेंढरं मिळून शे-सव्वाशे जीव त्या दोन मिठांवर जगत होते. दोन्हींपासून लांब ठेवलेलं एकच माणूस घरात होतं, ती माझी धाकटी बहीण कौसा. तिला कावीळ होती. आठ-पंधरा दिवस येऊन जाते तसली कावीळ नव्हे. ही कधी कमी व्हायची, कधी वाढायची, पण कौसाचे डोळे पांढरेशुभ्र असे मी कधी पाहिलेच नव्हते. आणि काविळीला पथ्य म्हणजे तेल बंद, तिखट बंद, हळद बंद, मीठ बंद, हे आमच्या मायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या मायनं तिला सांगितलं होतं, तिला तिच्या मायनं. सगळ्यांच्या भाकरी झाल्या की शेवटी वेगळं पीठ मळून कौसाची भाकरी तव्यावर पडायची. अळणी भाकरी, अळणी वरण, मिळाला तर उसाचा रस, नाहीतर गुळाचं पाणी आणि मूठभर फुटाणे. अंबाडीची भाजी मिठाशिवाय कशी लागते हे कुणाला पाहायचं असेल तर त्यानं एकदा खाऊन बघावी. मी कौसाच्या ताटातली एकदा खाल्ली आणि थुंकून आलो. ती हसली. म्हणाली, "माझ्या जिभेला चवीचं काय काम हाय, दादा? नुसती बोलायला ठेवलीया मी ती."

आमचं घर गावाच्या कडेला, देवगाव फाट्यावरून सेलूच्या अंगाला चालत तासाभरावर. घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या आणि पुढं मेंढरांचा वाडगा. दिवस मावळला की बा आणि मी वाडग्याभोवती वाघूर लावायचो. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरांची जाळी, ठरावीक अंतरावर खुंट्यांना बांधलेली. जाळी कितीही जुनी असो, गाठी आणि खुंट्या पक्क्या असल्या की शंभर मेंढरांनी एका बाजूला रेटा दिला तरी ती नुसती वाकते आणि परत सरळ होते, आणि एक खुंटी ढिली असली की तेवढीच जागा पुरते. बा रोज प्रत्येक खुंटी हलवून बघायचा. माय चुलीशी बसून लोकरीचं सूत काढायची, चातीची भिरभिर, मेंढरांचं खोकणं, कुठंतरी एखाद्या कोकराचा चिरका आवाज, आणि या सगळ्यावर कौसाची बडबड. तिच्या बरगडीखाली डाव्या बाजूला कायम फुगवटा असायचा. दम लागायचा म्हणून तिला मेंढरांमागं पाठवत नसत. चौथीनंतर शाळाही सुटली, कारण शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती.

बाचे डोळेही जरा पिवळसरच होते. भावकीत आमच्या घराला 'हळद्याचं घर' म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आज्याचे डोळेही तसेच होते म्हणे. कुणाचं नाक बसकं असतं, कुणाचे कान मोठे, आमच्या घरात डोळे पिवळे. फक्त कौसाचं जरा जास्त झालंय, एवढंच सगळ्यांना वाटायचं. काविळीची माळ घालणारा एक म्हातारा सेलूच्या बाजाराला यायचा. कुठल्याशा झाडाच्या मुळांचे तुकडे ओवलेली ती माळ डोक्यावर ठेवायची, आणि ती सुकत, सैल होत पायापर्यंत उतरली की कावीळ उतरली. कौसाच्या अंगावरून अशा किती माळा उतरल्या कुणास ठाऊक. माळ उतरायची, कावीळ तिथंच.

बाच्या हातात एक विद्या होती, ती मात्र सांगितलीच पाहिजे. मेंढरू मलूल झालं, मागं राहायला लागलं की बा त्याचं डोकं गुडघ्यात धरायचा आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. आत गुलाबी असलं तर सोडून द्यायचा. फिकट असलं तर पाला उकळून पाजायचा. पांढरं असलं तर तसाच उठायचा, आणि दोन-तीन दिवसांत ते मेंढरू जायचंच. मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून ही पापणी ओढायला शिकलो होतो. पुढं परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात गेलो तेव्हा तिथल्या मोठमोठ्या पुस्तकांत हीच गोष्ट लिहिलेली बघून मला बाचा केवढा अभिमान वाटला होता!

धनगराचं पोरगं कॉलेजात गेलं हे आमच्या गावात नवल होतं आणि ते माझ्या डोक्यात गेलं होतं, हेही इथंच कबूल करतो. दुसऱ्या वर्षाला एके दिवशी सरांनी शेळीचं रक्त आणलं आणि टेबलावर काचेच्या नळ्यांची रांग लावली. पहिल्या नळीत साधं पाणी, शेवटच्या नळीत रक्ताइतकं खारं पाणी, मधल्या नळ्यांत चढत्या क्रमानं खारटपणा. प्रत्येकीत रक्ताचे दोन थेंब. अर्ध्या तासानं सरांनी नळ्यांमागं वर्तमानपत्र धरलं. शेवटच्या नळीत रक्त गढूळ, अक्षर दिसेना. पहिल्या नळीत लाल पण नितळ, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. सर म्हणाले, "गढूळ आहे तिथं पेशी जिवंत आहेत. नितळ झालं तिथं पेशी पाणी पिऊन फुटल्या. रक्ताची पेशी एवढी एवढीशी, पण तिला कातडं आहे. बाहेर मीठ कमी पडलं की पाणी आत घुसतं आणि कातडं फाटतं. आता सगळ्याच पेशी एकाच नळीत का फुटत नाहीत? काही आधी का फुटतात? ते उद्या." घंटा झाली होती.

तो उद्या लवकर उगवला नाही. ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. कॉलेज कधी बंद पडेल आणि कधी उघडेल याचा नेम नसायचा. त्या वेळी मात्र सगळंच पेटलं, एसट्या बंद झाल्या, वसतिगृह रिकामं करायला सांगितलं. मी एका सरकीच्या ट्रकमध्ये बसून फाट्यापर्यंत आलो आणि तिथून चालत घरी. आमच्या शेजारच्या गावात दलितांची घरं जळाली होती. माझ्याच वर्गातला एक मुलगा त्या गावचा होता, तो पुढं कॉलेजात परत आलाच नाही. आणि आमच्या घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर बोललं नाही, मीही नाही. आम्ही कौसाच्या डोळ्यांत अडकलो होतो. याची आज लाज वाटते, आणि लाज वाटून घ्यायच्या गोष्टी या प्रकरणात आणखी आहेत.

घरी आलो तर बानं पटक्याच्या घडीतून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. सेलूच्या एका डॉक्टरनं कौसाला तपासून ती दिली होती. तिची पानथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची तिल्ली, फार वाढली आहे, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, कदाचित काढावी लागेल, असा त्या इंग्रजी चिठ्ठीचा अर्थ होता. बा म्हणाला, "रस्ते सुरू झाले की निघावं म्हणतो. तू संगं चल. तिथं आमाला कोण इचारतं?" मी चिठ्ठी घडी करून परत दिली. माझ्या डोक्यात त्या काचेच्या नळ्या वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मेंढरांच्या लशीच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या. मीठ अंदाजानं मोजलं, पाण्यात विरघळवलं आणि तीन बाटल्या केल्या, एक पुरती खारी, एक मध्यम, एक साधी. अशाच दुसऱ्या तीन. कौसाचं बोट टोचलं, माझं टोचलं. तिला या सगळ्याची फार मौज वाटली. ओट्यावर उन्हात बाटल्या मांडून आम्ही दोघं बसून राहिलो. मग मी गूळ बांधून आलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा बाटल्यांमागं धरला. पुरत्या खाऱ्या पाण्यात दोघांचंही रक्त गढूळ, साध्या पाण्यात दोघांचंही नितळ. मधल्या बाटलीत माझं गढूळ होतं. आणि कौसाचं नितळ. ती पुढं वाकली आणि तिनं चौथीतल्या पोरीसारखं बोट ठेवून त्या लाल बाटलीतून वाचलं, "सेलूत... कापसाची... आवक." मग टाळी वाजवून म्हणाली, "दादा, माझ्या रगतातून वाचता यायलंय बघ! तुझ्यातून तर काईच दिसंना."

जे मी पाहिलं ते सगळं खरं होतं. साधनं गावठी होती, पण पुढं आयुष्यभर प्रयोगशाळेत मी याहून स्वच्छ निकाल फार थोडे पाहिले. चूक झाली ती पुढच्या एका वाक्यात. मिठाविना पेशी फुटतात, कौसाच्या पेशी फुटतायत, आणि कौसाचं मीठ तर आपण जन्मापासून तोडलंय. मी ओट्यावरून उठलो तो डॉक्टर होऊनच उठलो.

"बा, औरंगाबादला जायचं काम न्हाई. मला कळलंय काय हाय ते," मी म्हणालो.

"काय हाय?"

"तिच्या रगतात मीठ न्हाई. आपुनच तोडलं. म्हणून रगत फुटायलंय आन् डोळे पिवळे व्हायलेत."

मायच्या हातातली चाती थांबली. "म्हंजे आमी येवढी सालं पथ्य केलं ते..."

"उलटं केलं, माय."

बानं पटक्यातली चिठ्ठी काढून हातात धरली. मग त्यानं मला एक प्रश्न विचारला, माणूस माणसाला विचारतो तसा, लेकाला नव्हे. "ती तिल्ली काढायची म्हणला डाक्टर. मेंढराची तिल्ली काढली तर मेंढरू जगतं का रे?" मला माहीत नव्हतं. आमचा धडा तिथपर्यंत गेलाच नव्हता. मी म्हणालो, "न्हाई जगत." बानं चिठ्ठी परत पटक्यात ठेवली. त्या दिवशी आमच्या घरात काय ठरलं हे मला आज जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं तेव्हा कुणालाच दिसलं नाही.

मायनं त्याच दुपारी कौसाला स्वतःच्या हातानं मीठ घातलेलं वरण वाढलं. पहिला घास घेतल्यावर कौसानं लगेच दुसरा घेतला. तिचे डोळे भरून आले. "माय, हे तुमी रोजच खात होता?" तिनं विचारलं. त्यानंतर तिला मिठाचं जणू वेड लागलं. गाडग्यातला खडा पदराला बांधून ठेवायची आणि येता-जाता चाटायची, बा तिला 'मेंढी' म्हणून चिडवायचा. ती ताकात मीठ घालायची, काकडीला लावायची, भाकरीवर नुसतं मीठ आणि तेल घेऊन खायची. तोंडाला चव आल्यावर माणूस खातोच, तशी तीही खायला लागली, गालावर जरा तुकतुकी आली. ते पंधरा दिवस आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे होते, आणि ते तसे होते हीच गोष्ट आठवायला सगळ्यात अवघड जाते.

मग गावातल्या पोरांत तापाची साथ आली. साधी साथ. पोरांचे गाल थोबाडीत मारल्यासारखे लाल व्हायचे, दोन-चार दिवस ताप, की पोरं परत उंडारायला मोकळी. कौसालाही ताप आला आणि गेला. आणि तापातून उठल्यावर एका सकाळी माय ओरडतच बाहेर आली, "किसन, बघ रे! बघ तिचे डोळे!"

कौसाच्या डोळ्यांतलं पिवळं ओसरलं होतं. आम्ही तिला उजेडात आणून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तिचे डोळे जवळजवळ पांढरे दिसत होते. माय रडायला लागली, बानं माझ्या पाठीवर हात ठेवला, जो त्यानं त्याआधी आणि त्यानंतर कधी ठेवला नाही. भावकीतल्या बायका बघायला आल्या. मायनं देवाला नारळ फोडला, हळद घातलेलं पिवळंधमक वरण केलं आणि कौसाच्या ताटात आधी वाढलं. तिनं दोन घास खाऊन ताट सारलं. म्हणाली, "दादा, जीव घाबरा व्हायलाय." मी म्हणालो, "तापाचा थकवा हाय. मीठ खा." तिचे ओठ पांढरे होते, नखं पांढरी होती. आम्ही तिघं तिच्यासमोर बसलो होतो आणि तिघंही फक्त डोळ्यांचं पिवळं शोधत होतो, कारण तेवढंच शोधायची आमच्या घराला सवय होती.

तिसऱ्या दिवशी ती वाडग्यात उठता उठता खाली बसली आणि परत उठली नाही. बानं तिला घोंगडीत घेतलं, शेजाऱ्याच्या बैलगाडीतून आम्ही फाट्यावर आलो. एसट्या तोवर सुरू झाल्या होत्या. सेलूकडची गाडी येईल म्हणून चहाच्या हॉटेलाशेजारी लिंबाखाली घोंगडी अंथरली. ऊन चांगलं वर आलं होतं. कौसा धापा टाकत होती, मग धापाही हळू झाल्या. तिनं पाणी मागितलं. मी ते आणेपर्यंत मागं मायचा आवाज आला आणि मला पाण्याचं काम उरलं नाही.

बा तिच्याजवळ टेकला. डोळे मिटायचे म्हणून त्यानं हात नेला असेल, पण आयुष्यभराची हाताची सवय, त्याच्या अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. आत कागदासारखं पांढरं होतं. बानं ते पाहिलं, मीही पाहिलं. बा म्हणाला, "रगत न्हाई रं. थेंबभर न्हाई." मग इतकंच, "मी मेंढराची बघतो." हॉटेलवाल्यानं स्टोव्ह बंद केला होता. गाडी थोड्या वेळानं आली आणि थांबून गेली.

कॉलेज उघडलं. सर वर्गात आले, त्यांनी मागच्या तासाची वही उघडली आणि जणू काल सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं. काही पेशी आधी का फुटतात? कारण दोष मिठात नसतो, कातड्यात असतो. त्यांनी फळ्यावर पेशीचं कातडं काढलं, बाहेरून स्निग्ध पदार्थाचा पातळ पापुद्रा आणि त्याच्या आतल्या बाजूनं प्रथिनांच्या धाग्यांची विणलेली जाळी. जाळी ठिकठिकाणी कातड्याला अडकवलेली. मी वहीत आपसूक 'वाघूर' लिहिलं. पुढं पुष्कळ वर्षांनी मी त्या धाग्यांची आणि खुंट्यांची नावं वाचली. लांब धागा तो स्पेक्ट्रिन, कातड्यात आरपार रोवलेली खुंटी ती बँड थ्री, आणि धागा खुंटीला बांधणारी गाठ ती अँकिरिन. आमच्या घराण्यात यातलं काहीतरी एक जन्मतःच कमी. ते नक्की कुठलं, हे आता कुणाला विचारणार? गाठ ढिली झाली की कातड्याचे तुकडे गळत जातात. मधे दाबलेल्या पेढ्यासारखी चपटी पेशी कातडं कमी पडून चेंडूसारखी गोल होते. अर्धी भरलेली पखाल आणखी पाणी घेऊ शकते, गच्च भरलेली घेत नाही, म्हणून गोल पेशी बाटलीत आधी फुटते. पण अंगात ती मीठ कमी पडून फुटत नाही. रक्तातलं मीठ सगळ्यांचं सारखंच असतं, अळणी खाणाऱ्याचंही. ती गोल पेशी पानथरीच्या बारीक फटींतून वळू शकत नाही, तिथं अडकते आणि पानथरी तिला मोडून टाकते. पिवळे डोळे म्हणजे त्या मोडलेल्या पेशींचा रंग.

"माणसांत हा पिढीजात आजार आहे," सर म्हणाले. "पानथरी काढली की पेशी गोलच राहतात, पण मोडायच्या थांबतात. रोगी बहुधा चांगला जगतो." मागून कुणीतरी विचारलं, जनावर जगतं का पानथरीशिवाय? सर म्हणाले, "अगदी आरामात." मग त्यांनी जाता जाता आणखी एक सांगितलं. अशा रोग्याला कधी साध्या तापानंतर हाडांत नवं रक्त तयार होणंच थांबतं. मोडायला पेशीच उरत नाहीत, तेव्हा कावीळ ओसरते, आणि घरच्यांना वाटतं बरं वाटलं. तेव्हा ताबडतोब दुसऱ्याचं रक्त द्यावं लागतं. सगळे लिहून घेत होते, मीही लिहून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

दिवाळीला घरी गेलो. माय चुलीशी होती. बा वाडग्यात खुंट्या बघत होता. मायनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि चातीला हात न लावता समोर बसून राहिली.

"किसन, कालेजात इचारलंस का?"

"काय?"

"मीठ द्यायला उशीर झाला का आपल्याला? मीच तोडलं होतं ना रे तिचं. माझ्या हातानं." तिनं हात पुढं केले, पालथे आणि उलथे, जणू त्यांवर काही दिसणार होतं. "लवकर दिलं असतं तर जगली असती ना?"

तिला सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. माय, मिठाचा काही संबंध नव्हता, मी तुम्हाला औरंगाबादला जाऊ दिलं असतं तर ती जगली असती. ते वाक्य तोंडात तयार होतं. बा दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या पटक्यात ती चिठ्ठी तेव्हाही असावी.

"हो," मी म्हणालो. "उशीर झाला."

मायनं मान हलवली आणि उठून स्वतःची भाकरी थापली, वेगळ्या पिठाची. त्या दिवसापासून ती अळणी जेवू लागली. मीठ लग्नात नाही, सणाला नाही, माझ्या घरी परभणीला राहायला आली तेव्हाही नाही. माझी बायको म्हणायची, आईंना चव कशी लागत असेल. मी म्हणायचो, सवय आहे त्यांची. बा गेला तेव्हा मला एकदा सांगायची संधी होती, मी ती जाऊ दिली. शेवटच्या आजारपणात मायला दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरनं जेवणाखाण्याची चौकशी केली आणि खूश होऊन म्हणाला, "आजी, इतकी वर्षं मीठ बंद? फार चांगलं केलंत." मायनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या उशीची घडी सरळ केली आणि बाहेर जाऊन औषधं घेऊन आलो.